घंटा वाजेपर्यंत

खालचे सगळे तास सोमवार, १३ मे २०१९, सकाळी ६.३० या वेळेपासून मागे मोजले आहेत. न्यू यॉर्कच्या घड्याळात तेव्हा रविवार रात्रीचे ९ वाजलेले असतात. एचबीओ वाहिनीवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा नवा भाग लागतो आणि त्याच मिनिटाला तो हॉटस्टार अॅपवर भारतातही येतो. तिकडचा प्रेक्षक दिवे मालवून बसतो. भिवंडीतला प्रेक्षक दूध तापायला ठेवून, डब्याची घाई मागे टाकून फोन हातात घेतो.

भिवंडीने इमारती कोसळताना आणि गोदामे जळताना पाहिली आहेत. त्यामुळे आपत्ती हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. इथे सांगायची आपत्ती पडद्यावरची आहे: एका काल्पनिक शहराची राख झाली, आणि आठ वर्षे जमवलेल्या प्रेक्षकांचा विश्वासही त्याच तासात गेला. शेवट ज्याला अजून ठाऊक नाही त्याने इथेच थांबावे.

१९ जून २०११. ७ वर्षे ११ महिने आधी.

पहिल्या हंगामाचा दहावा आणि शेवटचा भाग. डेनेरिस टार्गेरियन नवऱ्याच्या चितेवर एका बाईला जिवंत जाळते आणि मग स्वतः आगीत शिरते. सकाळी ती राखेत बसलेली दिसते, अंगावर ड्रॅगनची तीन पिल्ले. जगभरचे प्रेक्षक पिल्लांबद्दल बोलत राहिले. जळालेल्या बाईचे नाव फार थोड्यांच्या लक्षात राहिले.

१२ जुलै २०११.

मालिकेचा आधार असलेल्या कादंबऱ्यांपैकी पाचवी, ‘अ डान्स विथ ड्रॅगन्स’, प्रसिद्ध झाली. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी एकूण सात योजल्या होत्या. उरल्या दोन. मालिका वर्षाला एक हंगाम या गतीने पुढे येणार होती. चौथी कादंबरी २००५ ची. चौथी आणि पाचवी यांच्यात सहा वर्षे गेली होती. हे आकडे कुणी लपवले नव्हते. ते शेजारी शेजारी मांडून पाहण्याची गरज मात्र तेव्हा कुणाला वाटली नाही.

३ जून २०१२. ६ वर्षे ११ महिने आधी.

दुसऱ्या हंगामाचा शेवट. डेनेरिसला भास होतो: राजधानी किंग्ज लँडिंगचा दरबार, छप्पर उडालेले, लोखंडी सिंहासनावर वरून पांढरे काहीतरी भुरभुरते आहे. ती हात पुढे करते आणि सिंहासनाला न शिवताच मागे वळते. तो बर्फ आहे असे बहुतेकांनी ठरवले. राख असेल, असे म्हणणारेही काही होते.

१३ एप्रिल २०१४. ५ वर्षे १ महिना आधी.

चौथ्या हंगामाच्या दुसऱ्या भागात स्टार्क घराण्यातल्या ब्रॅनला जे तुकडे तुकडे दिसते त्यात एक चित्र क्षणभर येऊन जाते: किंग्ज लँडिंगच्या घरांवरून सरकणारी ड्रॅगनची सावली. त्याच हंगामात डेनेरिस मीरीन शहर जिंकते. तिथल्या धनिकांनी १६३ गुलाम मुलांना वाटेवरच्या खांबांवर खिळले होते. ती १६३ धनिकांना खिळते. निरपराध कोण हे विचारत बसत नाही. आदल्या वर्षी अस्तापोरमध्ये तिने गुलामांच्या व्यापाऱ्याला ड्रॅगनकडून जाळले होते. दोन्ही वेळा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मेलेले लोक वाईट होते, त्यामुळे त्या टाळ्यांत काही चुकते आहे असे वाटले नाही.

२ जानेवारी २०१६. ३ वर्षे ४ महिने आधी.

मार्टिन यांनी जाहीर लिहून कळवले की सहावी कादंबरी, ‘द विंड्स ऑफ विंटर’, झालेली नाही. ऑक्टोबर २०१५ अखेरची मुदत हुकली होती, वर्षअखेरचीही हुकली. सहावा हंगाम एप्रिलमध्ये यायचा होता. म्हणजे मालिका पुस्तकाच्या पुढे निघणार हे नक्की झाले.

मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांना मार्टिन यांनी शेवटचे ठळक टप्पे आधीच सांगून ठेवले होते. मुक्काम माहीत होता. वाटेतली हजार-दोन हजार पाने लिहिली गेली नव्हती.

एप्रिल २०१६. ३ वर्षे १ महिना आधी.

सहाव्या हंगामाच्या तोंडावर हॉटस्टारने महिना १९९ रुपयांची प्रीमियम सेवा सुरू केली. भाग अमेरिकेबरोबरच दिसणार आणि टीव्हीवर होते तशी काटछाट नसणार, हे तिचे आकर्षण. सप्टेंबरमध्ये जिओ आले आणि काही महिने डेटा फुकट झाला. मोठे टीव्ही संच, महागडे केबल पॅकेज, मुंबईतली ओळखपाळख यांच्याविना इंग्रजी मालिका पहिल्याच मिनिटाला पाहणारा एक वर्ग भिवंडी, कल्याण, उल्हासनगरात तयार झाला तो याच वर्षात. यंत्रमागाच्या कारखान्यांत ही मालिका गाजली असे म्हणण्यात अर्थ नाही. पाहणारे होते ते कॉलेजातले, मानकोली-काल्हेरच्या गोदामांत संगणकावर बसणारे, आणि रोज ठाणे-मुंबईकडे जाणारे. या शहराला लोकलचे स्टेशन नाही. भिवंडी रोडवरून दिवा-वसई मार्गावर मोजक्या गाड्या धावतात. म्हणून कल्याणची किंवा ठाण्याची वाट, शेअर रिक्षा, एसटी. त्या वाटेवर फोनखेरीज दुसरा सोबती नसतो.

मार्च २०१७. २ वर्षे २ महिने आधी.

आठवा हंगाम शेवटचा आणि सहा भागांचा असेल, हे कर्त्यांनी सांगितले. आधीचे सहा हंगाम दहा-दहा भागांचे होते, सातवा सातचा ठरला होता. एचबीओची आणखी भाग करायला तयारी होती. कर्त्यांनी एकूण ७३ भागांवर थांबायचे ठरवले. या घटनाक्रमात एकच निर्णय निवडायचा झाला तर मी हा निवडेन. बातमीत तो दोन ओळींत आटोपला.

शुक्रवार, ४ ऑगस्ट २०१७. १ वर्ष ९ महिने आधी.

सातव्या हंगामाचा चौथा भाग सोमवारी, ७ ऑगस्टला सकाळी ६.३० वाजता यायचा होता. शुक्रवारीच तो फुटला. प्रत धूसर होती. तिच्यावर हॉटस्टार चालवणाऱ्या स्टार इंडियाचे चिन्ह होते आणि ही प्रत फक्त अंतर्गत पाहण्यासाठी आहे अशी सूचना होती. प्रसारणाला ६० तासांहून जास्त वेळ बाकी होता.

गळती मुंबईच्या बाजूने झाली होती. हॉटस्टारसाठी भाग साठवून त्यावर तांत्रिक प्रक्रिया करणाऱ्या प्राइम फोकस टेक्नॉलॉजीज कंपनीने पोलिसांत तक्रार दिली. १४ ऑगस्टला पोलिस उपायुक्त अकबर पठाण यांनी चौघांच्या अटकेची माहिती दिली. तिघे कंपनीचे कर्मचारी, एक माजी कर्मचारी. विश्वासघात आणि संगणकाशी संबंधित गुन्ह्यांचे आरोप. २१ ऑगस्टपर्यंत कोठडी.

त्या आठवड्यात सगळी चर्चा चोरीची झाली. चोरलेल्या भागात काय होते ते या हिशेबात जास्त महत्त्वाचे आहे. डेनेरिस वेस्टेरोसच्या भूमीवर पहिल्यांदा ड्रॅगनवर बसून एक सैन्य जाळते. शिपाई उभ्या जागी राख होतात आणि वाऱ्याबरोबर उडून जातात. १३ मे २०१९ ला काय होणार याचा नमुना महाराष्ट्राच्या फोनांवर ठरल्या वेळेच्या अडीच दिवस आधी आला होता. पाहणाऱ्यांचा कौल एकच होता: आजवरचा सर्वांत थरारक भाग. भाग फुटूनही अमेरिकेत त्या रात्री तो एक कोटीहून अधिक लोकांनी थेट पाहिला, मालिकेचा तोवरचा उच्चांक.

पुढच्या आठवड्यात, गुडघे टेकायला नकार देणाऱ्या कैदी बाप-लेकांना डेनेरिस जाळते. बाजूला उभा असलेला तिचा सल्लागार टिरियन नजर चुकवतो.

ऑक्टोबर २०१७. १ वर्ष ७ महिने आधी.

बेलफास्टमध्ये शेवटच्या सहा भागांचे सामूहिक वाचन झाले. मालिकेचे पहिले प्रेक्षक म्हणजे हे कलाकारच. डेनेरिसची भूमिका करणाऱ्या एमिलिया क्लार्कने संहिता मिळाल्यावर ती वाचली, रडली आणि घराबाहेर पडली. पायाला फोड येईपर्यंत तासन् तास चालत राहिली. हे तिने नंतर स्वतःच सांगितले. जॉन स्नो साकारणाऱ्या किट हॅरिंग्टनने आधी काही वाचले नव्हते. शेवट त्याला टेबलावरच कळला आणि तिथेच त्याचे डोळे भरून आले. व्हॅरिस साकारणारा कॉनलेथ हिल आपल्या पात्राचा अंत वाचून नाराज झाला. हे सगळे कॅमेऱ्यात टिपले जात होते. संहिता बदलली नाही.

६ फेब्रुवारी २०१८. १ वर्ष ३ महिने आधी.

बेनिऑफ आणि वाइस ‘स्टार वॉर्स’चे नवे चित्रपट करणार असल्याची घोषणा झाली. ‘थ्रोन्स’चे चित्रीकरण तेव्हा चालू होते. त्याच हंगामातल्या एका लढाईसाठी ५५ रात्री चित्रीकरण झाले.

२० नोव्हेंबर २०१८. ५ महिने ३ आठवडे आधी.

मार्टिन यांचे नवे पुस्तक आले, सातशेहून अधिक पानांचे. ते होते ‘फायर अँड ब्लड’, टार्गेरियन घराण्याचा इतिहास.

सोमवार, १५ एप्रिल २०१९. ६७२ तास आधी.

आठव्या हंगामाचा पहिला भाग, ५४ मिनिटे. अमेरिकेत एका वितरकाकडून तो चुकून चार तास आधीच सुटला. इथे तो ठरल्या वेळी आला. जुनी माणसे एकमेकांना भेटली, ड्रॅगनवरून सैर झाली. उरले पाच.

सोमवार, २२ एप्रिल. ५०४ तास आधी.

दुसरा भाग, ५८ मिनिटे. जर्मनीत तो काही तास आधीच दिसला. भागात लढाई नाही. मरण समोर दिसत असलेली माणसे शेकोटीभोवती बसून बोलतात. अनेकांना हंगामातला हाच भाग सर्वांत आवडतो, मलाही. पण दोन तास खर्च झाले होते. उरलेल्या सव्वापाच तासांत मेलेल्यांची फौज संपवायची होती, सिंहासनाची लढाई लढायची होती आणि मुक्तिदात्रीची संहारक करायची होती. पुस्तकात अशा एकेका कामाला हजार पाने लागतात.

सोमवार, २९ एप्रिल. ३३६ तास आधी.

या सकाळी भिवंडीत दोन गोष्टी अर्ध्या तासाच्या अंतराने सुरू झाल्या. ६.३० ला तिसरा भाग, ‘द लाँग नाइट’. ७ वाजता लोकसभेचे मतदान.

भिवंडी लोकसभा मतदारसंघ म्हणजे भिवंडी पूर्व, पश्चिम, ग्रामीण, शहापूर, मुरबाड आणि कल्याण पश्चिम. मतदार सुमारे १९ लाख. दिवस सुट्टीचा. मतदान केंद्राच्या १०० मीटर परिसरात मोबाइलला बंदी. चाहत्यापुढे दोनच वाटा होत्या. आधी ८२ मिनिटांचा भाग पाहायचा आणि ७.५२ नंतर उन्हात रांगेला लागायचे. नाहीतर सातला मत देऊन घरी यायचे आणि तोवर कुणाच्या तोंडून काही कानावर पडणार नाही अशी आशा धरायची. मुंबई आणि ठाणेही त्याच टप्प्यात होते, त्यामुळे हा पेच एकट्या भिवंडीचा नव्हता.

त्या दिवशी इथे सव्वासहाच्या आधीच सूर्य उगवला होता. हा तपशील बिनमहत्त्वाचा वाटेल. तसा तो नाही. ‘द लाँग नाइट’ सगळाच रात्रीचा. चित्रणकार फेबियन वॅग्नर यांनी तो मुद्दाम अंधारात ठेवला होता: मशाली, ज्वाळा, धुके आणि वादळ. काळोख्या खोलीत, मोठ्या आणि नीट जुळवलेल्या पडद्यावर पाहावा असे ते चित्र. व्हिडिओ दाबून पाठवताना यंत्र जवळजवळ सारख्या छटा एकच धरते, आणि काळ्या-निळ्या धुक्यात जवळजवळ सगळ्याच छटा सारख्या असतात. म्हणून जगभर पडद्यावर चौकोनी डागांचा काळपट गाळ दिसला. भिवंडीत त्यावर खिडकीतले ऊन पडले होते. लढाईच्या सुरुवातीला डेनेरिसच्या डोथ्राकी घोडेस्वारांच्या पेटलेल्या तलवारी दूर जाऊन एकेक विझतात; हंगामातले सर्वांत भेदक दृश्य. फोनच्या काचेत त्याच वेळी पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा दिसत होता.

तक्रारींवर वॅग्नर यांचे उत्तर होते की चित्रण काळोखे नाही, अडचण पाहणाऱ्यांच्या संचांची आहे.

अंधाराखाली दुसरी एक गोष्ट झाकली गेली. मालिकेच्या पहिल्या प्रसंगापासून ज्याची भीती घातली होती तो मेलेल्यांच्या फौजेचा म्होरक्या, नाइट किंग, सव्वा तास उलटल्यावर एका खंजिराने संपला. ब्रॅनची बहीण आर्या हिने उडी मारली, तो फुटला, फौज कोसळली. तो कोण होता, त्याला काय हवे होते, हे विचारायला वेळ ठेवलेला नव्हता. आठ वर्षांचे संकट मालिका एका भागात निकाली काढू शकते हे त्या सकाळी सिद्ध झाले. बहुतेकांनी जल्लोष केला.

संध्याकाळी ६ वाजता मतदान थांबले. भिवंडीत सुमारे ५३ टक्के.

सोमवार, ६ मे. १६८ तास आधी.

चौथा भाग. मेजवानीच्या प्रसंगात डेनेरिसच्या पुढ्यात आजच्या जमान्यातला कॉफीचा कागदी कप राहून गेला होता. चित्रीकरणात, संकलनात, तपासणीत तो कुणालाच दिसला नाही. प्रेक्षकांना काही तासांत दिसला. एचबीओने चूक मान्य करत विनोद केला आणि दोन दिवसांत कप पुसून टाकला.

आठवडाभर कपाचीच चर्चा झाली. त्याच भागात डेनेरिसचा दुसरा ड्रॅगन मारला गेला. शत्रू युरॉनची जहाजे कड्याआड दडली होती. तीन बाण, तिन्ही नेमावर. आकाशातून तिला आरमार कसे दिसले नाही? भागानंतरच्या चित्रफितीत बेनिऑफ यांचे स्पष्टीकरण असे, की ती त्या आरमाराबद्दल विसरून गेली. मग तिची सखी मिसांडे हिचे डोके तिच्या डोळ्यांदेखत उडवले गेले. शेवटच्या चित्रात डेनेरिसचा चेहरा. ज्याला बघायचे होते त्याला त्यात पुढच्या सोमवारचे सगळे दिसले असते.

दुसऱ्या दिवशी, ७ मे रोजी, रमजानचा पहिला रोजा.

रविवार, १२ मे, संध्याकाळी ७.३०. ११ तास आधी.

हैदराबादमध्ये आयपीएलचा अंतिम सामना सुरू झाला. मुंबई विरुद्ध चेन्नई. अॅप तेच, हॉटस्टार. मुंबईच्या ८ बाद १४९. भिवंडीत सहावा रोजा नुकताच सुटला होता.

रात्री, मध्यरात्रीच्या आत. साधारण ७ तास आधी.

मलिंगाच्या शेवटच्या षटकात चेन्नईला ९ धावा हव्या होत्या, शेवटच्या चेंडूवर २. समोर शार्दूल ठाकूर, पालघरचा. पायचीत. मुंबई एका धावेने जिंकली. सामन्यात एका क्षणी हॉटस्टारवर एकाच वेळी १ कोटी ८६ लाख लोक होते. तोवर जगात इंटरनेटवरच्या कुठल्याही थेट प्रक्षेपणाला एवढी गर्दी एका ठिकाणी जमली नव्हती.

अॅप टिकले. पाहणाऱ्यांचे फोन चार्जिंगला लागले.

सोमवार, १३ मे, पहाटे ४.४५ च्या सुमारास. पावणेदोन तास आधी.

सहेरीची वेळ संपली. रमजानमध्ये भिवंडीच्या मोठ्या भागाला रात्र अशी नसतेच. तरावीह, बाजार, सहेरी, फजर. नमाजानंतर काही जण झोपतात. काही जणांनी त्या दिवशी झोप दोन तास पुढे ढकलली असणार.

६.०५. २५ मिनिटे आधी.

सूर्योदय.

६.३०.

‘द बेल्स’. दिग्दर्शक मिगेल सापोचनिक, लेखन बेनिऑफ आणि वाइस. लांबी सुमारे ८० मिनिटे.

सुरुवातीला मरतो तो डेनेरिसचा दुसरा सल्लागार, व्हॅरिस. डेनेरिस शहर जाळेल, हे ओळखून पत्रे लिहिणारा, तिचा प्रियकर जॉन स्नो याला सावध करणारा एकटा माणूस. जॉन ऐकत नाही. टिरियन डेनेरिसला सांगून टाकतो. रात्री समुद्रकाठी ड्रॅगन व्हॅरिसला जाळतो. इशारा देणाऱ्यापासूनच आग सुरू झाली.

मग टिरियन एक विनंती करतो. शहराने घंटा वाजवल्या तर शरणागती समजावी आणि हल्ला थांबवावा. डेनेरिस मान किंचित हलवते. होकार होता की नव्हता, यावर लोक अजून वाद घालतात.

७ च्या सुमारास.

तिचा ड्रॅगन ड्रोगॉन सूर्याच्या बाजूने खाली येतो. सात दिवसांपूर्वी तीन बाण लागोपाठ लागले होते. आज एकही लागत नाही. आरमार जळते, तटावरची यंत्रे जळतात, भाडोत्री सैन्य वेशीसकट उडते. काही मिनिटांत लढाई संपते.

७.१० च्या आसपास.

रस्त्यात समोरासमोर उभे राहिलेले, शहर राखणारे लॅनिस्टर शिपाई तलवारी खाली टाकतात. घरांतून लोक ओरडतात: घंटा वाजवा. काही क्षण शांतता. मग घंटा वाजते.

डेनेरिस तटावर ड्रॅगनवर बसून आहे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर थांबतो. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. ती दूरच्या राजवाड्याकडे बघते. श्वास वाढतो. ड्रॅगन उडतो.

राजवाडा सोडून ती गल्ल्यांवर उतरते.

आठ वर्षे ज्या बदलाची तयारी चालली होती, किंवा चालायला हवी होती, तो या काही सेकंदांत झाला. एमिलिया क्लार्कने चेहऱ्यावर जे करता येईल ते सगळे केले. बाकीचे लिहिलेलेच नव्हते.

७.१० ते ७.५०.

शरण आलेले शिपाई, बायका, मुले, भाजीच्या गाड्या, घरे. जुन्या वेड्या राजाने जमिनीखाली पुरलेला हिरवा जाळ मधूनमधून फुटतो. मुलीच्या लाल आगीत बापाची हिरवी. बेलफास्टच्या स्टुडिओच्या आवारात उभ्या केलेल्या रस्त्यांचा सेट याच प्रसंगासाठी बांधला आणि याच प्रसंगात मोडला. इथून भाग संपेपर्यंत डेनेरिसचा चेहरा पुन्हा दिसत नाही. वरून येणारी आग दिसते आणि खालची माणसे दिसतात. राणी सर्सी आणि तिचा भाऊ जेमी ढिगाऱ्याखाली संपतात. आर्या राखेतून उठते, एका पांढऱ्या घोड्यावर बसते. वरून भुरभुरते ते बर्फ की राख, हे आता कुणी विचारत नाही.

८ वाजता. दीड तासानंतर.

गोदामांच्या पाळ्या लागल्या होत्या, कल्याणकडच्या रिक्षा भरत होत्या. पाहून झालेले आणि न पाहिलेले एकाच रिक्षात बसत होते, त्यामुळे बोलणे जपून.

चाहत्यांचे दोन तट पडले. एक म्हणाला, ती पहिल्यापासून अशीच होती. चिता आठवा, १६३ खांब आठवा, बाप-लेक आठवा. दुसरा म्हणाला, ती गुलामांना सोडवणारी होती. घंटेनंतर निरपराधांना जाळेल असे तिच्यात काही नव्हते. अमेरिकेत एकट्या २०१८ साली ५६० मुलींची नावे ‘खलीसी’ अशी, तिच्या किताबावरून ठेवली गेली होती. त्या आईबापांना पत्रकार शोधू लागले.

माझ्या मते दोन्ही तट अर्धे बरोबर आहेत. शेवट चुकला नाही; तो पहिल्या हंगामापासून डोळ्यांसमोर होता आणि आपणच त्यावर टाळ्या वाजवत होतो. चुकली ती वाट. सातव्या आणि आठव्या हंगामाचे मिळून १३ भाग. वीस असते तर व्हॅरिसच्या पत्रांना वजन आले असते, मिसांडेच्या मरणाला दिवस मिळाले असते, आणि तीच घंटा, तोच चेहरा, तीच आग पटली असती. हौशी चित्रपटवाल्यांनाही हे ठाऊक असते. अनुभवी माणसांनी ते सोडून दिले, म्हणून राग मोठा.

आठवडाभरात.

आठवा हंगाम सक्षम लेखकांकडून पुन्हा करून घ्यावा अशी मागणी करणाऱ्या अर्जावरच्या सह्या शेवटच्या भागापूर्वीच दहा लाखांवर गेल्या. पुढे त्या अठरा लाखांपर्यंत पोहोचल्या. एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी. भिवंडी लोकसभा मतदारसंघाच्या जवळजवळ अख्ख्या मतदारयादीइतक्या.

रविवार, १९ मे, संध्याकाळ.

देशातल्या मतदानाचा सातवा आणि शेवटचा टप्पा संपला. मतदानोत्तर चाचण्या वाहिन्यांवर आल्या.

सोमवार, २० मे, सकाळी ६.३०.

शेवटचा भाग. जॉनने डेनेरिसला मारले, ड्रॅगनने सिंहासन वितळवले, ब्रॅन राजा झाला. छप्पर उडालेल्या दरबारात राख पडत होती. अमेरिकेत त्या रात्री १ कोटी ९३ लाखांनी पाहिला. मालिकेचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग. ज्यांनी सोडतो म्हटले होते, त्यांनीही पाहिला.

गुरुवार, २३ मे.

मतमोजणी. भिवंडीतून भाजपचे कपिल पाटील दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आले.

२२ सप्टेंबर २०१९.

३२ नामांकने मिळवलेल्या आठव्या हंगामाला एमी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मान मिळाला.

२८ ऑक्टोबर २०१९.

बेनिऑफ आणि वाइस ‘स्टार वॉर्स’मधून बाहेर पडले. त्यांचे ते चित्रपट बनले नाहीत. मार्टिन यांची सहावी कादंबरी अजून प्रसिद्ध झालेली नाही.